स्पोर्ट्स कारने साडूकडे

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेण्यापूर्वी तिच्यात एकदा स्वतः बसून बघावं, ही सूचना इतकी साधी आहे की ती मला कुणीच केली नाही. बाकी सूचनांना तोटा नव्हता. आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणाले, टायर लाथेने ठोकून बघा. ऑफिसातल्या कॅशियरने इंजिनाचा नंबर उलटीकडून वाचायला सांगितलं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं, पण त्याच्या मामेभावाने तो तसा वाचला नव्हता आणि म्हणे फसला होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने रंगावरून तळहात फिरवायला सांगितलं. आई म्हणाली, घेऊच नकोस. मी टायर ठोकले, नंबर उलटा वाचला, तळहात फिरवला आणि गाडी घेतली.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे माझी नोकरी. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं, कापडाचे गज तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. केसभर फरक असला तरी मी माप जप्त करतो. त्यामुळे बाजारात मला ‘केसभरसाहेब’ म्हणतात. मी समोर आलो की ते कुजबुजत म्हणतात आणि पाठ वळली की मोठ्याने. तर असा हा केसभरसाहेब आयुष्यात एकच मोठी वस्तू घ्यायला गेला आणि टेप घरी विसरला.

गाडी आमच्या दातांच्या डॉक्टरांची. त्यांच्या वेटिंग रूमच्या खिडकीतून खालचं गॅरेज दिसायचं आणि गॅरेजात ती. फिकट पिवळी, जमिनीला चिकटलेली, वर कापडी छप्पर आणि समोर दोन गोल दिवे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी दाढ दुखत होती. ती पाहून दाढ दुखायची थांबली. त्यानंतर मी धडधाकट दात दाखवायला किती वेळा गेलो ते सांगण्यात अर्थ नाही. शेवटी डॉक्टरांनीच एक दिवस तोंडात आरसा घालून विचारलं, “तुमचे दात उत्तम आहेत. तुम्ही खिडकीसाठी येता की काय?”

डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला जाणार होते. मुलाच्या इमारतीत गाडी लावायला जागा नव्हती. आमची बोलणी तिथेच, त्या खुर्चीत झाली. आजवर मी बाजारातल्या भल्याभल्यांशी घासाघीस केली आहे, पण दोन्ही गालांत कापसाचे बोळे आणि जिभेवर सक्शनची नळी असताना घासाघीस कशी करावी याचं प्रशिक्षण आमच्या खात्यात देत नाहीत. डॉक्टर आकडा सांगायचे. मी “आं” म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, “ठीक आहे, मग ठरलं.”

ठरल्यावर त्यांनी मला चक्कर मारून आणली. मी शेजारच्या सीटवर बसलो होतो. ती सीट मागे सरकत होती, मी पाय ताणून ऐसपैस बसलो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तरी त्याला वाराच म्हणतो. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता तुम्ही चालवून बघा.” इथे खरं म्हणजे माझी अडचण अशी होती की लायसन्स असलं तरी मी बरीच वर्षं चारचाकी चालवली नव्हती. चारचौघांत गाडी बंद पडली असती तर दवाखान्याच्या रांगेतले पेशंट तोंडातल्या बोळ्यांसकट हसले असते. मी म्हटलं, “छे हो डॉक्टर, तुमचा हात पाहिला, त्यातच सगळं आलं.”

डॉक्टर उंचीने बेताचे आहेत. टेबलावरचा दिवा ओढायला ते टाचा उंचावतात. हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो. माझा बांधा मात्र उंचीलाही सढळ आणि रुंदीलाही. या दोन गोष्टींची सांगड घालायला तिसरी इयत्ता पुरे होती.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस एका गाडीसाठी एवढा का पाघळला? गाडीचं वेड होतंच, पण खरं कारण बायकोची ताई.

दर रविवारी सकाळी बायकोला ताईचा फोन येतो. फोनवर ताई माझ्या साडूने त्या आठवड्यात काय घेतलं ते सांगते. आपोआप भांडी धुणारं मशीन घेतलं. भिंतीएवढा टीव्ही घेतला. पाय दाबणारी खुर्ची घेतली. बायको प्रत्येक वेळी म्हणते, “हो का? छान.” आमचं लग्न झाल्यापासून मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्राआडून ते “छान” ऐकत आलो आहे. तिने मला कधी एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते “छान” ऐकलं की मला वर्तमानपत्रातली एकही ओळ दिसत नाही.

गाडी ठरली त्या रविवारी फोन आला तो नव्या घराचा. साडूने बंगला बांधला होता. पुढच्या रविवारी सगळ्या नातेवाइकांना घर दाखवायचं होतं आणि मग जेवण. बायको म्हणाली, “हो का? छान. येऊ की.” मग जरा थांबली आणि म्हणाली, “गाडीनंच येऊ. अगं, ह्यांनी स्पोर्ट्स कार घेतली ना! हो, आमच्याच ह्यांनी.”

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या नावावर फुशारकी मारत होती. तिचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला कुणी विमान दाखवलं असतं तर मी तेही न बसता घेतलं असतं.

गाडी सोमवारी आली. डॉक्टर स्वतः घेऊन आले, किल्ली माझ्या हातात ठेवली, बॉनेटवरून हात फिरवला आणि मागे न बघता रिक्षात बसून निघून गेले. तोवर सगळी सोसायटी खाली जमली होती. चेअरमन पुढे होऊन म्हणाले, “बसा साहेब, मारा एक राउंड!”

मी उजवा पाय आत घातला. पाय गेला, गुडघा जाईना. तो बाहेर काढून डावा घातला. त्यानेही पहिल्याचाच कित्ता गिरवला. मग मी पाठमोरा होऊन बसायला गेलो. त्यात बसायचा भाग व्यवस्थित आत गेला आणि दोन्ही पाय बाहेर राहिले. त्या अवस्थेत मी चेअरमनांशी इंजिनाबद्दल बराच वेळ बोलत राहिलो, म्हणजे आपण मुद्दामच असे बसलो आहोत असं वाटावं. चेअरमन म्हणाले, “पण राउंड?” मी म्हटलं, “तापलीय ती. लांबून आलीय. जुन्या इंजिनाला विसावा लागतो.” डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे हे चेअरमनांना ठाऊक होतं, कारण त्यांची कवळी तिथलीच. ते फक्त “असं होय” म्हणाले. चेअरमनांचं “असं होय” हे बायकोच्या “छान”च्या जवळपास जातं.

सगळे पांगल्यावर मी ऑफिसची टेप आणली आणि मापं घेतली. सीटची पाठ ते स्टिअरिंग, आणि माझी पाठ ते माझं पोट. फरक केसभर नव्हता. चांगला वीतभर होता. असा माल कुणा दुकानदाराकडे सापडला असता तर मी दुकानाला टाळं ठोकलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. जुन्या गाड्यांत त्याच्याएवढा जाणकार नाही असं त्याने स्वतःच मला सांगितलं होतं. त्याने बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं झोपला. मग डोळे उघडून म्हणाला, “साहेब, हिला इथं करमत नाहीये.”

“तिला करमेल हळूहळू. सीट मागे सरकेल का?”

“सरकेल की. तुमच्या सीटमागंच पेट्रोलची टाकी आहे, ती काढली की सरकेल.”

“आणि पेट्रोल?”

“पेट्रोल मांडीवर कॅनमध्ये घ्यायचं.”

“दुसरं काही?”

“स्टिअरिंग काढू. रस्ता सरळ आहे ना पाहुण्यांकडं जायचा?”

मी म्हटलं, रस्त्याला निदान एक तरी वळण असतंच. त्यावर मिस्त्रीने मान हलवली आणि सगळ्या रस्त्यांबद्दलच निराशा व्यक्त केली. मग तो म्हणाला, “एक उपाय आहे. सीटची गादीच काढून टाकू. तुम्ही डायरेक पत्र्यावर बसायचं.”

गादी काढली. छप्पर मागे दुमडलं. मिस्त्रीने एका बगलेत आणि चेअरमनांनी दुसऱ्या बगलेत हात घालून मला वरून खाली सोडलं, विहिरीत पंप सोडतात तसं. मी बसलो! पोट स्टिअरिंगला टेकलं होतं, गुडघे कानांशी गप्पा मारत होते, पण बसलो होतो. गैरसोय एकच झाली. मी इतका खाली गेलो की समोर फक्त बॉनेट आणि त्यावर आभाळ दिसायचं. स्टिअरिंगच्या फटीतून बघितलं तर रस्त्याचा एक तुकडा दिसायचा, पण तो लांबचा.

“रस्ता दिसत नाही,” मी म्हटलं.

“वहिनी असतील ना शेजारी,” मिस्त्री म्हणाला. “त्या बघतील. तुम्ही फक्त चालवायचं.”

हे सगळं बायको गॅलरीतून बघत होती. ती खाली आली, शेजारच्या सीटवर बसली, समोर बघितलं आणि म्हणाली, “मला सगळं दिसतंय. मी सांगेन तसं करा.” तिला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे गाडी कशी चालवावी हे तिला नीट माहीत आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण गाडी माझ्या नावावर व्हायची होती. मिस्त्रीने गाडी वाहन कचेरीत नेली, मी मागून रिक्षाने गेलो. तिथल्या कारकुनाने कागद बघितले, खाली येऊन गाडी बघितली, परत कागद बघितले.

“आसनं चार लिहिलीत. इथे दोनच आहेत.”

“कुणीतरी चुकून चार लिहिलं असणार. ही स्पोर्ट्स कार आहे. हिला दोनच असतात.”

“चुकून नाही लिहीत आम्ही,” कारकून म्हणाला. “दोन आसनं गहाळ झालीत. गेली कुठे?”

मी त्याला समजावलं की मागे आसनं असती तर त्यांच्यावर बसणाऱ्यांना पाय टाकीत सोडावे लागले असते. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, “पोलिसांचा दाखला आणा. आसनं चोरीला गेल्याचा.” मीही सरकारी माणूस आहे. मीही लोकांना असेच दाखले आणायला लावतो. त्या दिवशी मला बाजारातल्या सगळ्या दुकानदारांची मनोमन माफी मागावीशी वाटली, आणि ती भावना दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडेपर्यंत टिकली.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, “चोरी केव्हा झाली?”

“झालीच नाही.”

“मग तक्रार कसली?”

“आसनं नसल्याची.”

“आधी होती?”

“नव्हती.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “साहेब, माझ्याकडं पण हेलिकॉप्टर नाहीये. मी कुठं तक्रार करतोय?”

मी परत कारकुनाकडे गेलो. त्याला माझी दया आली असावी, किंवा जेवायची सुट्टी जवळ आली असावी. तो म्हणाला, “मागच्या पत्र्यावर दोन उशा ठेवून आणा. मी ‘आसने चार, पैकी दोन सुटी’ असं लिहितो.” मी घरच्या दोन उशा नेल्या. एकीवर फुलं होती, एकीवर ससा. त्याने दोन्ही दाबून बघितल्या आणि शिक्का मारला.

कागद घरी आला तो आईने वाचला. आई घरी येणारा प्रत्येक कागद वाचते, औषधाच्या बाटलीवरचासुद्धा. “चार सीटा आहेत की रे! आणि तू मला सांगत होतास दोनच आहेत. मला न्यायचं नाही म्हणून?”

“आई, त्या उशा आहेत.”

“सरकारचा शिक्का आहे त्यावर. तुझ्यापेक्षा सरकारवर माझा जास्त विश्वास आहे.”

शेवटी तिची समजूत अशी काढली की गाडी उभी असेल तेव्हा पुढची सीट तिची. पार्किंगमध्ये सकाळी ऊन छान येतं. गुरुवारपासून आई रोज गाडीत बसून वाटाणे सोलू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सशाच्या उशीवर आणि चेअरमनांच्या सासूबाई फुलांच्या उशीवर. आमच्या स्पोर्ट्स कारने जागचं न हलता आख्ख्या सोसायटीचे वाटाणे सोलले. आपल्या सासूबाई दुपारपर्यंत घरात नसतात या एकाच कारणावरून चेअरमनांनी आमच्या गाडीला पार्किंगमध्ये कायमची जागा द्यायचा प्रश्न बिनविरोध सोडवला.

रविवार उजाडला. बायकोने तिची ठेवणीतली साडी नेसली होती. वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधला होता आणि त्यात ती इतकी छान दिसत होती की मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “पुरे. आधी बसा.” चेअरमन आणि मिस्त्रीने मला आत सोडलं. पेडल इतके जवळजवळ की बूट घालून एका पायाखाली दोन यायचे, म्हणून बूट काढून बायकोच्या मांडीवर दिले. आईने वरून ओरडून सांगितलं, “वाटेत कुणाला लिफ्ट देऊ नकोस!”

प्रवासाचं वर्णन काय करू? मला आभाळ दिसत होतं. त्या दिवशी ते निरभ्र होतं, इतकंच मी खात्रीने सांगू शकतो.

“डावीकडे घ्या. जास्त नाही. एवढं नाही! आता सरळ. समोर सायकलवाला आहे.”

“किती लांब?”

“आता नाहीये.”

“नाहीये म्हणजे? कुठे गेला?”

“पुढे गेला. आपल्याला मागे टाकून गेला. हळू, ब्रेक, ब्रेक! अहो तो ब्रेक नाहीये!”

ब्रेकखाली वाटाण्याचं सालपट अडकलं होतं. ते मी अंगठ्याने बाजूला सारलं. सिग्नलला शेजारी एक बस थांबली. बसमधले लोक खाली वाकून बघत होते. एका बाईंनी बायकोला विचारलं, “तुम्ही एकट्याच चालवता?” त्यांना मी दिसतच नव्हतो. बायको म्हणाली, “नाही, हे आहेत ना खाली.”

साडूच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. बायको “हळू” म्हणेपर्यंत आम्ही त्यावरून गेलो होतो. माझं डोकं खाली आलं, पोट वर गेलं आणि हॉर्नचं बटण आत जाऊन बसलं ते बाहेर येईना. जुन्या गाड्यांचे हॉर्न लाजत नाहीत. आख्खी गल्ली दारात आली. बंगल्यातून साडू, ताई आणि पन्नासेक नातेवाईक बाहेर धावले. फाटकाशी मी किल्ली बंद केली आणि तो बोंबलणारा हॉर्न गप्प झाला. एवढं वाजतगाजत आगमन आमच्या घराण्यात कुणाचंच झालेलं नाही.

“वा! वा साडूभाऊ!” साडू म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला तो अर्धाच दिसत होता, पण तेवढाही पुरेसा होता. “उतरा, उतरा! घर दाखवतो!”

मी दार उघडलं. एक हात दारावर, एक सीटच्या पाठीवर टेकवला आणि जोर लावला. दार हललं. गाडीही जरा हलली. मी हललो नाही.

मग माझ्या ध्यानात आलं की बसवायला दोन माणसं लागली होती आणि ती दोन्ही घरी राहिली. आता एकच मार्ग होता. साडूने एका बगलेत हात घालायचा, त्याच्या भावाने दुसऱ्या, आणि पन्नास नातेवाइकांसमोर मला अनवाणी उपसून काढायचं. मग पुढच्या प्रत्येक रविवारी ताई फोनवर तेच सांगणार आणि माझी बायको इकडून म्हणणार, “हो ना.” मला माझी फजिती चालली असती. मला सवय आहे. पण तिची पहिलीवहिली फुशारकी अशी तिच्या डोळ्यांदेखत मातीत जाणार, हे मला चालणार नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, मग स्टिअरिंगकडे. तिला कळलं.

ती उतरली नाही. उलट सीटवर रेलून बसली, डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाली, “ताई, ताटं इथेच आण ना गं. या गाडीत एकदा बसलं की उतरवतच नाही बघ. आणि हे गाडीत असले की गाडीतच जेवतात. ह्या गाड्यांची रीतच आहे ती.”

“गाडीत?” ताई म्हणाली.

“उघडी गाडी असते ती मग कशाला?” बायकोने विचारलं. ताई आत वळली.

ताट आलं. स्टिअरिंगवर ते बरोबर टेकलं. आम्ही दोघं बाहेर जेवतोय म्हटल्यावर ताईची जाऊबाई आपलं ताट घेऊन बाहेर आली. मग काका आले. मग मुलं आली, ती बॉनेटला टेकून जेवायला लागली. अर्ध्या तासात खुर्च्या बाहेर आल्या, टेबल बाहेर आलं, वाढपी बाहेर आले. आत बंगल्यात सगळे दिवे लावून ठेवले होते आणि एक माणूस नव्हता. साडू मधूनमधून म्हणत होता, “आत ड्रॉवर आहेत, आपोआप बंद होणारे.” काका म्हणाले, “असू दे, असू दे. मला सांग, या गाडीचे दिवे मूळचेच का?” मी सांगितलं, मूळचेच. दोन कार्बोरेटर असतात, त्यांचा तोल साधावा लागतो, वगैरे मिस्त्रीचं ऐकलेलं सगळं सांगितलं. जे ऐकलं नव्हतं तेही सांगितलं.

साडू मानी माणूस, पण पाहुणचारात कमी पडणारा नाही. त्याने स्वतः आग्रह करकरून वाढलं. माझ्या बाजूने प्रत्येक घास म्हणजे मला गाडीत पक्कं करणारा आणखी एक स्क्रू होता, पण नको म्हटलं असतं तर संशय आला असता. गोडाच्या तिसऱ्या वाटीनंतर स्टिअरिंग आणि मी यांच्यात श्वासाला जागा उरली नाही.

आणि मग साडू म्हणाला, “साडूभाऊ, एक मिनिट उतरा बरं. मी जरा बसून बघतो. फोटो काढू.”

बायकोने पाण्याचा घोट घेतला आणि सावकाश म्हणाली, “भाऊजी, राग मानू नका, पण या गाड्यांना एकाच माणसाची सवय असते. दुसरं कुणी बसलं की महिनाभर नीट चालत नाहीत. डॉक्टरांनी देताना बजावलंय.” साडूने आदराने हात मागे घेतला आणि दाराशी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटोत मागे त्याचा बंगला आला आहे, पण फक्त त्याचा कोपरा.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा चेअरमन खाली वाट बघत होते. ते एका बाजूने आणि मिस्त्री दुसऱ्या बाजूने ओढू लागले. मी तसूभर वर यायचो आणि परत बसायचो. आई वरून विचारत होती, “आलास का?” आणि मला काय उत्तर द्यावं ते कळत नव्हतं. अखेर मिस्त्रीने स्टिअरिंगच उतरवायला घेतलं. त्याचा पाना माझ्या पोटातून वाट काढत होता.

बायको अजून गाडीतच, माझ्या शेजारी बसून होती. तिचा फोन वाजला. ताई होती. रविवारी दोनदा फोन असं आजवर झालं नव्हतं. मिस्त्रीने पाना फिरवला, माझी कातडी त्यात सापडली, आणि मी ओरडणार तेवढ्यात बायकोने माझ्या तोंडावर रुमाल दाबला.

“बोल गं,” ती म्हणाली. “काय? भाऊजी पण घेणार म्हणतात? हो का? छान.” हे ‘छान’ मी याआधी ऐकलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. चेअरमनांनी माझी एक तंगडी खांद्यावर घेतली होती. “घ्या की. पण घ्यायच्या आधी भाऊजींना एकदा बसवून बघ हं ताई. त्या गाडीत वाटेल तो माणूस मावत नाही. ह्यांना कशी अगदी मापात बसलीय.”

मी रुमालाखालून “आं” म्हटलं.

“हो, हे इथेच आहेत,” बायको म्हणाली, “गाडीतच बसलेत. उतरायलाच तयार नाहीत.”